एकसष्ट विहिरींचा निकाल

९ एप्रिल

तीन दिवस पाऊस. शेतं तळ्यासारखी भरलीत. मक्याच्या जुन्या खुंटांवरून पाणी वाहत ओढ्याला मिळतंय.

सकाळी हॉल्कमांची ॲशली आली. दोन मैलांवर राहतात, ती आणि नवरा ट्रॅव्हिस. पहिलंच बाळंतपण, जुलैच्या सुरुवातीची तारीख. "मिसेस के, नळाला गढूळ पाणी येतंय. वासही मारतोय." खांबेटे हे आडनाव इथे कुणाला झेपत नाही, म्हणून मी मिसेस के.

"उकळतेस का?"

"उकळायचं?" जसं काही मी तिला पाणी विणायला सांगत होते.

"वीस मिनिटं. खळखळून. माझी दोन्ही मुलं अशाच पाण्यावर वाढली." तिच्याकडे मोठं भांडं नाही. ही पोरं सगळं मायक्रोवेव्हमध्ये करतात. मी माझं स्टीलचं मोठं पातेलं दिलं, आईने लग्नात दिलेलं, काठाखाली नाव कोरलेलं. "बाळ झालं की त्याच्या दुधालाही हेच पाणी. एक दिवस चुकवायचं नाही. कळलं?"

"येस, मॅम."

ती गेल्यावर माझा निवृत्त डॉक्टर नवरा, यतीन, म्हणाला, "अगं, ती तुझी ज्युनियर इंजिनियर नाहीये."

"असती तर आतापर्यंत काढून टाकली असती," मी म्हटलं. पण पोरगी ऐकणारी आहे. अशी माणसं इथे कमी.

२२ एप्रिल

वॉटर बोर्डाची मीटिंग. पाच सभासद. मी गेल्या वर्षी निवडून आले, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. अध्यक्ष गॉर्डन, निवृत्त शाळामास्तर, कुणालाही दुखवायचं नाही हे एकच धोरण.

इथे विहीर म्हणजे घरामागे जमिनीत घातलेला सहा इंची पाइप. ज्याची त्याची. शहरात नळाच्या पाण्याला कायदा आहे, तपासणी आहे, दंड आहे. खाजगी विहिरीला काहीच नाही. पाण्यात काय आहे ते बघायचं की नाही, हे मालकाने ठरवायचं. एकतीस वर्षं मी राज्य सरकारसाठी पूल बांधले. पूल मजबूत आहे का ते पलीकडच्या शेतकऱ्याने ठरवावं, असं कुणी म्हटलं नाही.

मी ठराव आणला: आधी सगळ्या विहिरी तपासू. मग तीन रस्ते. एक, एकोणीस मैलांवरच्या शहरातून पाइपलाइन, सर्वांना जोडणी सक्तीची. दोन, प्रत्येक स्वयंपाकघरात फिल्टर. तीन, काहीच नाही, जो गेली साठ वर्षं चालू आहे.

ठराव पास. घरी येऊन यतीनला सांगितलं. तो टोमॅटोची रोपं लावत होता. "छान," म्हणाला. नक्की कशाला ते विचारलं नाही.

१४ मे

चौदा घरांचे नमुने घेतले. बाराव्या घरी म्हाताऱ्याने माझ्या छातीवर बंदूक रोखली. मी म्हटलं, "खाली कर. दचकून माझ्या हातातली बाटली फुटली तर परत यावं लागेल." त्याने खाली केली नाही, पण नळ दाखवला. बाटली भरेपर्यंत बंदुकीची नळी माझ्या मणक्याला टेकलेली होती. गाडीत बसल्यावर पाच मिनिटं किल्ली लागेना.

हॉल्कमांकडे ट्रॅव्हिस होता. जाडजूड, लाल मानेचा, धान्याच्या गोदामात कामाला. फॉर्मवर न वाचता सही केली. "फुकट आहे ना? मग घ्या."

१२ जून

निकाल आले. एकसष्ट विहिरी. अडतीस नापास.

नायट्रेट. मक्याला घातलेलं खत आणि डुकरांचा मैला, दोन्ही मुरत मुरत खाली जातात. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्यांना लगेच काही होत नाही. तान्ह्या मुलांचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं. मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅम. हॉल्कमांची विहीर चौतीस.

आमची एकवीस. पण नेपरव्हिल शहर सोडून इथे आलो त्याच आठवड्यात मी सिंकखाली फिल्टर बसवला होता. आपल्या लोकांना फिल्टरशिवाय घर पूर्ण वाटत नाही.

दुपारभर बसून सूचनापत्रक लिहिलं. नऊ मुद्दे. आठवा मुद्दा: हे पाणी उकळू नये, उकळल्याने पाणी उडून जातं, नायट्रेट उरतं आणि दाट होतं. गॉर्डन म्हणाला, लोक नऊ मुद्दे वाचणार नाहीत. मी म्हटलं, नऊ मुद्दे न वाचणाऱ्यांसाठीच आपण सक्ती मागतोय.

१३ जून

लायब्ररीच्या बोर्डावर यादी लावली. नाव, रस्ता, आकडा. पास काळ्या शाईत, नापास लाल. खाली सूचनापत्रक.

गॉर्डनला हवे होते नुसते क्रमांक. "शरयू, लोकांची नावं नको." का नको? नागपूरला इंजिनियरिंगचा निकाल पोर्चमधल्या फळ्यावर लागायचा, नावानिशी. अठ्ठ्याऐंशी मुलगे आणि मी. गणितात मी एकदा लाल शाईत होते. पूर्ण कॉलेजने वाचलं. पुढच्या सहामाहीत मी पहिली आले. क्रमांक लावला असता तर मी कशाला उठून अभ्यास केला असता?

संध्याकाळी बोर्डाशी गर्दी होती. पाण्याबद्दल इतकी माणसं एकत्र उभी राहिलेली मी इथे पहिल्यांदा पाहिली. बरं वाटलं.

१५ जून

यादी फाडली. मी दुसरी लावली.

आमची टपालपेटी कुणीतरी बॅटने फोडली. खांबही वाकवला.

वैदेहीचा अर्विंगहून फोन. "आई, तू लोकांची नावं लावलीस? आर यू सीरियस? तिथे घर विकायला काढलं तर कोण घेणार आता? देअर होल लाइफ इज दॅट हाउस!"

"विष असलेलं घर विकायचं तरी का?"

"आई, दे हॅव गन्स."

"मला माहीत आहे. मी पाहिली आहे एक."

१८ जून

दुसरी यादीही फाडली. लायब्ररीच्या बाईने सांगितलं, ट्रॅव्हिस हॉल्कमने. सगळ्यांसमोर. चुरगाळून तोंडात घालून चावली आणि थुंकला. माझ्या नावाने म्हणाला, "त्या बाईला सांगा, एक दिवस मी तिच्या दारात येणार आहे."

शेरीफच्या माणसाला कळवलं. त्याने वहीत लिहून घेतलं. मी इथेही लिहून ठेवते.

तिसरी यादी लावली, काचेच्या आत.

२७ जून

मर्लला मारलं.

मर्ल म्हणजे ओढ्याच्या वरच्या बाजूचा डुकरंवाला, दोन हजार डुकरं. यादीत त्याच्या गोठ्यांच्या पूर्वेच्या अकरा विहिरी ओळीने लाल आहेत. कुणीतरी यादीवरून नकाशा काढला. काल दुपारी चार गाड्या त्याच्या अंगणात शिरल्या. जबडा दोन ठिकाणी मोडला. बरगड्या. एका गोठ्याला आग लावली. वारा आमच्या दिशेने होता. जिवंत डुकरांचं ओरडणं दीड मैलावर ऐकू येत होतं, माणसांसारखं. मग थांबलं. यतीनने सगळ्या खिडक्या लावल्या, तरी वास पडद्यांत बसला.

आज दवाखान्यात गेले. मर्लला बोलता येत नाही. पाटीवर लिहिलं: YOUR LIST. मी त्याला समजावलं की यादीत दोष कुणाचा हे लिहिलेलंच नव्हतं. नायट्रेट मक्याच्या खतातूनही येतं, म्हणजे ज्यांनी मारलं त्या सगळ्यांच्या शेतातून. त्याने पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आकडे खरे आहेत. आकड्यांनी कुणाला मारलं नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं आहे, आणि तरी मला तेच म्हणायचं आहे.

२८ जून

फाटकाला मेलेलं डुकराचं पिल्लू तारेने बांधलेलं. अर्धवट भाजलेलं. तोंडात कोंबलेला कागद. यादीच असणार, उघडून पाहिला नाही. फावड्याने खड्डा खणून पुरलं. यतीन म्हणाला, "सोडून दे हे सगळं, आपण परत नेपरव्हिलला जाऊ." मी म्हटलं, "पुलाच्या मधोमध कुणी परत फिरत नाही." तो म्हणाला, "फिरतात, शरयू. पूल जळत असेल तर फिरतात."

२१ जुलै

किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ॲशली दिसली. मुलगा झाला, दोन तारखेला. नाव वायट. ट्रॅव्हिस गाडीतच बसून होता, मला बघून इंजिन चालू केलं. ॲशलीने काच खाली केली आणि घाईत म्हणाली, "मिसेस के, तुम्ही सांगितलं तस्संच करतेय मी! एकदाही चुकवलं नाही!" मागच्या सीटवर टोपडं दिसलं. गाडी गेली.

चला. नवऱ्याने यादी चावून थुंकली तरी बायकोने सूचनापत्रक वाचलेलं दिसतं. एका घरात तरी अक्कल पोहोचली. मन प्रसन्न झालं. येताना यतीनसाठी आंबे आणले, चवीला पाणचट निघाले.

१९ ऑगस्ट

आजची मीटिंग सविस्तर लिहायला हवी.

गॉर्डनने ठराव मांडला: राज्याच्या निधीतून लहान मुलं असलेल्या बारा घरांना सिंकखालचे फिल्टर लगेच द्यावेत. पाइपलाइनचं मग बघू. "पाइपलाइन यायला चार वर्षं, शरयू. बाळं चार वर्षं थांबत नाहीत."

मी उभी राहिले. फिल्टरला दर सहा महिन्यांनी कार्ट्रिज बदलावं लागतं. पहिल्यांदा सगळे बदलतील, दुसऱ्यांदा अर्धे, तिसऱ्यांदा कुणी नाही. न बदललेला फिल्टर म्हणजे खोटा धीर. शिवाय आज बारा घरांना फिल्टर दिला की उद्या पाइपलाइनला एकही हात वर होणार नाही. अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर. राज्य विचारेल, फिल्टर दिलेत ना, मग पाइप कशाला? तोवर बाटलीचं पाणी आणा. सूचनापत्रकात लिहिलंय.

मागून एक बाई म्हणाली, "मिसेस के, तुमच्या घरी फिल्टर आहे का?"

"आहे. मी त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलते."

हशा पिकला. का ते कळलं नाही. मी खरं उत्तर दिलं होतं.

मग कुणीतरी ओरडलं, शहरवाल्यांची सक्ती आमच्या जमिनीत नको. दुसरा ओरडला, तुझ्याच खताने माझी विहीर नासली. लोखंडी घडीची खुर्ची हवेतून आली आणि गॉर्डनच्या कपाळाला लागली. चष्म्याची काच भुवईत शिरली. दोघं जमिनीवर एकमेकांचा गळा धरून लोळत होते, एकाचा दात माझ्या चपलेजवळ आला. मी टेबलावर हातोडी आपटून मतदान घेतलं, कारण अध्यक्षाच्या डोळ्यांत रक्त होतं आणि नियमाप्रमाणे पुढची मी. बारा फिल्टर: बाजूने दोन, विरुद्ध तीन. तिसरं मत माझं.

गॉर्डनने रुमालाआडून हात वर केला होता. दुसरं मत त्याचं.

चुकले का? तत्त्वाने नाही. टाके सात पडले, त्याचं वाईट वाटलं.

२ सप्टेंबर

सकाळी नाश्त्याच्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोळी आली. फ्रिजमध्ये घुसली. यतीनच्या मनगटात काच. तो स्वतःच टाके घालायला बसला, डाव्या हाताने, तोंडात दोरा धरून. चाळीस वर्षं लोकांना भूल दिली, स्वतःला दिली नाही. "तू धर," म्हणाला. मी मांस धरलं. त्याने वर पाहिलं नाही.

विहिरीच्या पंपाजवळून दोन फुटी पाइप पान्हा काढून आणला आणि दारामागे ठेवला. बंदूक घेणार नाही. पान्हा वापरता येतो मला.

१३ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारचे तीन. मी पाइपलाइनच्या अर्जाचं शेवटचं पान तपासत होते. ट्रॅव्हिसची गाडी अंगणात गवतावरून थेट पायऱ्यांपर्यंत आली. गाडीचं दार लावल्याचा आवाज नाही. मग दरवाज्यावर मुठी, मग लाथा. ओरडत होता, शब्द कळत नव्हते. चौकट हलली, वरची बिजागरी सुटली. यतीन मागच्या बागेत होता.

मी पान्हा उचलला. दार फुटायची वाट बघायची नाही असं ठरवलं. कडी काढली, दार आत ओढलं, त्याचा उचललेला हात आत आला आणि मी दोन्ही हातांनी पान्हा मारला. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा नसतो. ओल्या फांदीसारखा असतो. पुन्हा उचलला, डोक्यासाठी.

तो मागे सरला नाही. हात कोपराखाली नको त्या दिशेला लोंबत होता आणि त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. म्हणाला, "डॉक्टर. डॉक्टर कुठेत? बाळ निळं पडलंय."

मी पान्हा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. हे का आठवतंय कोण जाणे.

यतीन मातीच्या हातांनीच धावला. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतात, ॲशलीने फोन केला होता. गाडी मी चालवली. ट्रॅव्हिस मागे, मोडका हात मांडीवर घेऊन, एकच शब्द पुन्हा पुन्हा: "प्लीज." मला म्हणत होता की गाडीला ते कळलं नाही.

बाळ सोफ्यावर. दहा आठवड्यांचं. ओठ निळे नव्हते, पाटीसारखे राखाडी होते. रडत नव्हतं. यतीनने नखं दाबली, पापणी उलटली, टाचेत सुई टोचली. थेंब कागदावर घेतला. लाल नव्हता. तपकिरी, चॉकलेटसारखा. हवेत धरला तरी लाल होईना.

"दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवतेस?" त्याने विचारलं. इतक्या हळू आवाजात तो फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये बोलायचा.

"उकळलेल्या," ॲशली म्हणाली. "वीस मिनिटं. प्रत्येक वेळी. काल बाटलीचं पाणी आणलं होतं ट्रॅव्हिसने, तरी मी तेही नाही दिलं. उकळलेलंच दिलं. एकदाही चुकवलं नाही." आणि माझ्याकडे बघितलं, शाळेतली मुलगी बघते तसं. "हो ना, मिसेस के?"

गॅसवर पातेलं होतं. खळखळत होतं. पाणी अर्ध्यावर आलेलं. काठाखाली आईने कोरून घेतलेली अक्षरं. आत, पाण्याच्या रेषेच्या वर, पांढऱ्या थराची कडी, एकावर एक.

मी गॅस बंद केला.

यतीनने फोनवर ॲम्ब्युलन्सला सांगितलं, कोणतं औषध तयार ठेवायचं ते. निळं औषध आहे. निळ्या पोराला निळं औषध. ते येईपर्यंत त्याने बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली होती, चौतीस मिनिटं, हलवली नाहीत.

१४ सप्टेंबर

वायट जिवंत आहे. शिरेतून औषध गेल्यावर वीस मिनिटांत ओठ गुलाबी झाले, यतीन म्हणतो. मी पाहिलं नाही, मला आत घेतलं नाही. मेंदूला काही झालंय का ते आत्ता सांगता येत नाही.

शेरीफचा माणूस आला. ट्रॅव्हिसने सांगितलंय की हात दारात अडकला. मी म्हटलं, "दारात नाही. मी पान्ह्याने मारलं." तो म्हणाला, "मॅम, तो तक्रार करत नाहीये." मी म्हटलं, "तरी लिहा." त्याने पेन उघडलं नाही.

घरी आल्यावर ही वही उघडली आणि एप्रिलपासून वाचली. ९ एप्रिल. १२ जून. २१ जुलै. १९ ऑगस्ट. एका बाईच्या अक्षरात, एका शाईत. आठवा मुद्दा मीच लिहिला. मला पातेलं आठवलं नाही. एकदासुद्धा नाही. "मन प्रसन्न झालं" असं लिहिलंय.

यतीन दारात उभा होता. म्हणाला, "अगं, एप्रिलमध्ये ते बरोबरच होतं. गढूळ पाणी उकळतातच."

"आणि ऑगस्टमध्ये?"

तो आत आला. मग म्हणाला, "मी पण कधी विचारलं नाही तुला. काय तपासताय म्हणून. विचारलं असतं तर मला कळलं असतं." आणि माझ्या शेजारी बसला. कालच्या धावपळीत टाका उसवून मनगटाची पट्टी रक्ताने ओली झाली होती. मी बदलली.

१५ सप्टेंबर

९ एप्रिलचं पान आणि १९ ऑगस्टचं मत, दोन्ही इंग्रजीत लिहून काढलं. सारवासारव एका शब्दाचीही नाही. वर माझं नाव आणि रस्ता. लाल शाईत. लायब्ररीच्या बोर्डावर, काचेच्या आत, यादीशेजारी लावलं. लायब्ररीच्या बाईने किल्ली देताना विचारलं, "नक्की?"

"निकाल आहे," मी म्हटलं.

मी यादी लावली तेव्हा आपलं नाव कोण कोण वाचेल हे कधी मोजलं नव्हतं. सदतीस घरांनी मोजलं असेल. आमचंही नाव लाल होतं त्यात, पण आमच्याकडे फिल्टर होता.

१६ सप्टेंबर

मीटिंग. दारात दोन पोलीस. कुणी खुर्ची उचलली नाही. कुणी माझ्याशी बोललं नाही. मी आत येताना एक म्हातारी माझ्या बुटावर थुंकली. मी पुसलं नाही.

मी ठराव मांडला: बारा घरांना फिल्टर, आजच. कार्ट्रिज बदलण्याची जबाबदारी मालकांची नाही, बोर्डाची. माणूस घरोघरी जाऊन बदलेल. पाच विरुद्ध शून्य. राज्याला लगेच फोन केला. माल यायला तीन आठवडे.

मग पाइपलाइन. बाजूने दोन, विरुद्ध तीन. पडली. एकजण म्हणाला, "आम्ही कुणाच्या सांगण्यावरून सक्ती मानायची? तिच्या?" बोट माझ्याकडे.

फिल्टरबद्दल मी चुकले होते. पाइपलाइनबद्दल नाही. पाइपलाइन माझ्यामुळे पडली, हेही खरं. गॉर्डनने बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवला. भुवईवरचा व्रण अजून जांभळा आहे. "पुढच्या वर्षी," म्हणाला. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तू मांड. मी मागच्या रांगेत बसेन."

२० सप्टेंबर

वायट काल घरी आला. डॉक्टरांना वाटतं मेंदू ठीक आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघतील.

सकाळी मी आमच्या सिंकखालचा फिल्टर काढला. टाकी, नळ, सगळं. यतीनने बादली धरली. "आपण काय पिणार?" "बाटलीचं. सूचनापत्रकात लिहिलंय." तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

हॉल्कमांच्या दारात ट्रॅव्हिस. हात प्लास्टरमध्ये, बोटं सुजलेली. माझ्या हातातल्या पान्ह्याकडे बघितलं. छोटा होता, नळाचा. मी तो पायरीवर ठेवला आणि मागे सरले. तो पायरीपाशी आला. "गावाने वाचलंय," म्हणाला. "सगळ्यांनी."

"तू?"

"ॲशलीने वाचून दाखवलं." मग पान्हा डाव्या हाताने उचलून माझ्याकडे दिला.

ॲशली आतून आली. हातात बाळ नव्हतं. तिने मला कानाखाली मारली. पूर्ण हात फिरवून. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दाताने गाल आतून फाटला. मी हात वर केला नाही. तिसरी येईल म्हणून उभी राहिले. ती आली नाही. ती म्हणाली, "मी प्रत्येक वेळी घड्याळ लावायचे. वीस मिनिटं. रात्री झोपेत उठून. मला वाटायचं मी चांगली आई आहे." आणि सिंकसमोरून बाजूला झाली.

सव्वा तास लागला. तोंडात रक्ताची चव, डाव्या कानात शिट्टी. सिंकखाली पाठीवर पडून नळी जोडताना बाजूला तिची पावलं दिसत होती, मोज्यांतली. ट्रॅव्हिसने एका हाताने टॉर्च धरला. हलवू नको, म्हटलं, नाही हलवला. टाकी भरल्यावर पहिलं पाणी सोडून दिलं, दुसरं तपासलं. नायट्रेट तपासायची पट्टी पांढरी राहिली. तिला दाखवली, पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगांशी तिने स्वतः ताडून पाहिली, तीनदा.

निघताना तिने पातेलं आणून दिलं. तळाला पांढरा खडबडीत थर. घासून निघाला नव्हता. काठाखालच्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं. तिथलं स्टील इतर ठिकाणापेक्षा चकचकीत झालं होतं.

"हे काय लिहिलंय? मला वाटायचं तुमची प्रार्थना असेल. पाणी ठेवताना मी रोज इथे हात लावायचे."

"माझं नाव आहे," मी म्हटलं.

तिने बोट काढून घेतलं.

कार्ट्रिज बदलायची तारीख: २० मार्च. मीच जाणार. तिने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन.